मेडिकलचा खर्च सोनेतारणाच्या वहीत

जून उजाडला की बँकेत सोनेतारणाची गर्दी वाढायची. पेरणी तोंडावर आलेली, बी-बियाणं घ्यायचं, म्हणून शेतकरी दागिने घेऊन येतात, असा वरच्या ऑफिसचा समज. आकडे फुगले की ते खूश. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये उभी नोकरी काढलेल्या माझ्यासारखीला मात्र ठाऊक होतं, की त्या रांगेतल्या कितीतरी जणांना ना बियाणं घ्यायचं होतं ना खत. त्यांना लेकराच्या क्लासचा पहिला हप्ता भरायचा होता. अर्जावर कारण 'शेती' असायचं, कारण शेतीच्या सोनेतारणाला व्याज कमी. सोबत सातबारा जोडला की काम झालं.

वैद्यकीय शिक्षण किती महाग झालं, यावर दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात लेख येतात, चर्चा झडतात. सगळ्यांचा रोख खासगी कॉलेजच्या फीवर असतो. तो रास्तही आहे. पण हिशेब तिथून धरायचा तर निम्मी वही कोरीच राहते. शैक्षणिक कर्जाच्या खात्यात दिसतो तो फक्त प्रवेशानंतरचा खर्च. आमच्या या दोन जिल्ह्यांत डॉक्टर होण्याचा खर्च प्रवेशाच्या दोन-तीन वर्षं आधीच सुरू होतो आणि त्यातला एक रुपयाही सरकारदरबारी 'शिक्षणखर्च' म्हणून नोंदला जात नाही. त्याला शिष्यवृत्ती नाही, फीमाफी नाही, शैक्षणिक कर्ज नाही. तो खर्च शोधायचा असेल तर सोनेतारणाच्या वहीतच शोधावा लागेल. थोडाफार पीककर्जात सापडेल, थोडा खासगी सावकाराच्या डायरीत.

लातूरला उद्योग भवनाच्या आसपासच्या भागाला लोक सरळ 'ट्यूशन एरिया' म्हणतात. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. नांदेडला श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर हा पट्टा तसाच. किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर, शेजारच्या हिंगोली-परभणी-यवतमाळमधली मुलं-मुली इथं येऊन राहतात. घरावर मजले चढले ते यांच्या जिवावर. खोल्या 'कॉट बेसिस'वर जातात, एका खोलीत तीन-चार कॉट. तळमजल्यावर मेस, कोपऱ्यावर झेरॉक्स, वरच्या मजल्यावर रात्रभर उघडी असलेली अभ्यासिका. फळ्यावर 'रिपीटर बॅच सुरू'. या गल्ल्यांत फिरताना या जिल्ह्यांचा प्रमुख उद्योग कोणता, असं कुणी विचारलं तर सोयाबीन असं उत्तर देताना जीभ अडखळेल.

२०२४ साली औसा तालुक्यातल्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मुलीच्या एका वर्षाचा हिशेब मला वहीच्या पानावर लिहून दाखवला होता. क्लास ९५ हजार. खोलीतली कॉट महिना साडेतीन हजार, अकरा महिने. मेस महिना २८०० रुपये. अभ्यासिका महिना ८००. पुस्तकं आणि टेस्ट सिरीज १२ हजार. येणं-जाणं, फोन, दवाखाना धरून १५ हजार. खाली रेघ मारून बेरीज केलेली: दोन लाख शंभर रुपये. वरचे शंभरसुद्धा त्यांनी सोडले नव्हते. आणि हा क्लास काही सगळ्यात महागडा नव्हे. अकरावी, बारावी आणि एक रिपीट धरलं तर सहा लाख. त्यात कुठं एकदाही 'मेडिकल कॉलेज' हा शब्द येत नाही.

हे दोन लाख सोयाबीनमध्ये मोजू. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे सुमारे एक्केचाळीस क्विंटल. कोरडवाहू जमिनीत एकरी सहा-सात क्विंटल उतारा पडला तर सहा-सात एकरांचं सगळं पीक. त्यातून बियाणं, फवारणी, मळणी, मजुरी काहीही वजा न करता. आणि त्या वर्षी लातूरच्या आडतीवरचा भाव हमीभावाच्या बराच खाली होता, हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. पाच एकरवाल्या बापाच्या पिकातून हा पैसा निघतच नाही. मग तो घरातल्या बाईच्या अंगावरून निघतो.

बँकेत दागिने तपासायला पॅनेलवरचा सराफ येतो. तो आधी ढोबळ वजन करतो, मग कसोटीवर घासून कस बघतो, मग खडे, मणी, दोरा वजा करून निव्वळ वजन लिहितो. बोरमाळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. बोरमाळेचे मणी दिसायला भरीव, आत लाख भरलेली. आणणाऱ्या बाईनं मनात धरलेलं असायचं तीन तोळे. सराफानं लाख वजा केली की उरायचं निम्म्याच्या आसपास. त्या निम्म्याच्याही किमतीवर बँक द्यायची पंच्याहत्तर टक्के. "मॅडम, लाखेचं वजन धरत नाहीत व्हय?" असं एकीनं विचारलं होतं. नाही म्हटल्यावर तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि कानातली फुलं काढायला लागली. "लेकराचा क्लास सोमवारी सुरू होतोय," एवढंच म्हणाली. अशा खात्यांचं पुढं काय होतं तेही सांगते. वर्ष भरलं की मुद्दल फिटत नाही. व्याज भरून खातं 'नवं-जुनं' केलं जातं. पुढच्या वर्षी पुन्हा. मुलगा एमबीबीएसला लागो, बीएएमएसला जावो किंवा सगळं सोडून बी.एस्सी. ॲग्री करो, बोरमाळ तिजोरीतच राहते.

आता कुणी म्हणेल, क्लास लावायची सक्ती थोडीच आहे? कागदावर नाही. पण २०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यातल्या जेमतेम निम्म्या सरकारी. म्हणजे सरकारी फीत शिकायचं तर पस्तीस-छत्तीस मुलांमागे एक. इतक्या चुरशीच्या परीक्षेची तयारी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात होते का? जिथं फिजिक्सचं पद रिकामं आहे, केमिस्ट्री तासिका तत्त्वावर चालतं आणि प्रात्यक्षिकाची खोली फक्त बोर्डाच्या परीक्षेला उघडते, तिथं ही अपेक्षा करणं म्हणजे थट्टाच.

आणि गंमत अशी, की ज्या 'लातूर पॅटर्न'चं नाव घेऊन हा सगळा बाजार उभा राहिला, तो मुळात क्लासमध्ये जन्मलाच नाही. तो महाविद्यालयात जन्मला. १९७० साली सुरू झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याआधीचं दयानंद महाविद्यालय ही त्याची घरं. डॉ. जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या प्राचार्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास घेतले, सरावाच्या परीक्षांवर परीक्षा घेतल्या, पेपर तपासून मुलांसमोर बसून चुका दाखवल्या. पुण्या-मुंबईच्या मुलांना मागं टाकून लातूरची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली ती या मेहनतीवर. या प्राध्यापकांचा पगार कोण देत होतं? अनुदानातून सरकार. म्हणजे डॉक्टर होण्यासाठीच्या तयारीचा खर्च तेव्हा जनतेच्या तिजोरीतून होत होता. फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं.

मग बारावीच्या गुणांवरचे प्रवेश जाऊन सीईटी आली, सीईटी जाऊन नीट आली. परीक्षा बदलत गेली तशी शिकवणी वर्गातून उठून बाहेर गेली. अनुदानित पदं भरायची थांबली, विनाअनुदानित तुकड्या वाढल्या. कॉलेजात नाव आणि क्लासात मूल अशी सोय झाली. २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करून सरकारनं हे थांबवायचा प्रयत्न केला. पण शिकवायला माणूस नसेल तर अंगठा उमटवून काय होणार? जे काम सरकारी पगारावर होत होतं तेच आता पालक विकत घेतो. खर्च नाहीसा झाला नाही, तिजोरीतून निघून बोरमाळेवर आला.

बरं, सरकारनं हात काढून घेतला म्हणावं तर तेही खरं नाही. सरकारचा हात या व्यवहारात आहेच, फक्त उलट्या दिशेनं. शाळा-कॉलेजच्या फीवर जीएसटी नाही. क्लासच्या फीवर मात्र १८ टक्के आहे. त्या औशाच्या शेतकऱ्यानं भरलेल्या ९५ हजारांत सुमारे साडेचौदा हजार रुपये कराचे होते. बायकोचा दागिना गहाण ठेवून आणलेल्या पैशातून केंद्र आणि राज्य दोघंही आपापला वाटा उचलतात. मुलीचा मेडिकलला नंबर लागला तर पुढं शिष्यवृत्ती देऊच, पण तूर्तास कर भरा, असा हा न्याय.

यावर बँकेतले आमचेच काही मित्र एक सोपा उपाय सांगतात: क्लाससाठीही शैक्षणिक कर्ज द्या. मला तो मुळीच मान्य नाही. सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर, पस्तिसात एक असल्या शक्यतेवर, कर्ज चढवायचं? नंबर लागला नाही तर फेडायचं कशातून? काही फायनान्स कंपन्या क्लासच्या काउंटरवरच हप्ते बांधून द्यायला लागल्या आहेत. ही सोय म्हणजे खड्डा खोल करून त्याला पायऱ्या करणं आहे. कर्ज हे कमाईची वाट दिसत असेल तेव्हाच द्यावं, एवढं तरी मी खुर्चीत बसून शिकले.

आता प्रवेशानंतरचं बघू, कारण तिथं निदान कागद तरी आहेत. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर फी वर्षाला लाख-सव्वा लाखाच्या घरात. त्यातही सवलती आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के शिक्षण शुल्कमाफी दिली. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून, म्हणजे कॅप राऊंडमधून, प्रवेश घेतला तर खासगी कॉलेजातही ती मिळते. हा निर्णय चांगला आहे आणि तो चांगला आहे असं म्हणायला माझी हरकत नाही. गावाकडं मुलीला 'एवढे पैसे हिच्यावर घालायचे का' असं म्हणणाऱ्यांचं तोंड त्यानं थोडं तरी बंद केलं. पण ती माफी दाराच्या आत गेलेल्या मुलीला. दारापर्यंत पोचायच्या सहा लाखांचं काय?

मराठवाड्याला या दारापर्यंत पोचायला जास्त पैसे मोजावे लागले, हेही विसरता येत नाही. औरंगाबादचं सरकारी कॉलेज १९५६ चं, अंबाजोगाईचं १९७४ चं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं २००२ चं. एवढ्या मोठ्या विभागाला कितीतरी वर्षं एवढंच. त्यात २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि गुणवान मुलं जास्त, त्यामुळे इतर विभागांपेक्षा जास्त गुण असूनही इथल्या मुलाचा नंबर हुकायचा. हुकला की एक तर रिपीट, नाहीतर खासगी. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि लातूरचे आमदार अमित देशमुख यांनी हा कोटा रद्द केला. तोवर किती घरांनी रिपीटचे किंवा खासगीचे पैसे भरले, त्याची मोजदाद कुठंच नाही.

खासगी वाट वेगळीच. १९८३-८४ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. पाठोपाठ देणग्या बोकाळल्या, म्हणून १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आला. पुढं न्यायालयांचे निकाल आले, २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. टेबलाखालची रक्कम हळूहळू टेबलावर आली, पावतीसकट. आज राज्यात खासगी कॉलेजात एमबीबीएसची फी वर्षाला दहा लाखांच्या मागं-पुढं, आणि बऱ्याच अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या वर. फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलं होतं की खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी कॉलेजइतकी असावी. ते परिपत्रक कागदावरून खाली उतरलेलं मी तरी पाहिलं नाही.

ही फी भरायला बाप बँकेत येतो तेव्हा त्याला आणखी एक धक्का बसतो. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. त्यावर गेलात की तारण लागतं. तो मोठ्या विश्वासानं सातबारा पुढं करतो. आणि आम्ही सांगायचो, शेतजमीन चालत नाही. कारण बुडीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांच्या हाती जो सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागूच होत नाही. त्यामुळं बँकेला हवा बिगरशेती (एनए) प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव. आठ एकर काळी जमीन असलेला माणूस काउंटरवर तारणहीन ठरतो आणि नांदेडात दोन खोल्यांचा फ्लॅट असलेला पात्र. ज्याला कर्जाची गरज जास्त त्यालाच ते मिळत नाही. मग जमिनीचा तुकडा विकला जातो. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेनं नोव्हेंबर २०२४ पासून विनातारण कर्जाची वाट थोडी रुंद केली, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती.

ज्यांना हेही झेपत नाही ते रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया धरतात. तिथला सगळा खर्च इथल्या खासगी कॉलेजच्या निम्म्याहून कमी पडतो, असं एजंट सांगतो. ते बरेचदा खरंही असतं. तो सांगत नाही ते पुढचं: परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा आहे आणि तीत उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या तळघरांत अडकलेली आपली मुलं साऱ्या देशानं पाहिली. ती तिथं हौसेनं गेली नव्हती. इथल्या फीनं त्यांना तिथवर ढकललं होतं.

आता हे सगळं 'ज्याच्या घरचं त्याच्या घरी' म्हणून सोडून देता आलं असतं. डॉक्टर व्हायची हौस आहे ना, मग भरा पैसे. पण बँकेत बसल्यावर एक गोष्ट कळते: हप्ता माणसाला कुठं बसायचं ते सांगतो. साधा हिशेब करू. पाच वर्षांत दरवर्षी आठ लाख, असं चाळीस लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज. अभ्यासक्रम आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिळवलं की रक्कम जाते अठ्ठावन्न लाखांच्या आसपास. पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साठ हजारांच्या वर. सरकारी कॉलेजात इंटर्नला विद्यावेतन मिळतं १८ हजार. कंत्राटी पदावर नव्यानं लागलेल्या एमबीबीएस डॉक्टरच्या पगारातून हा हप्ता वजा केला तर त्याच्या हाती काय उरेल? असा डॉक्टर माहूरच्या किंवा जळकोटच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात का बसेल? तो लातूरच्या मोठ्या हॉस्पिटलात बसणार आणि त्याचा हप्ता तिथल्या बिलात येणार. सोनोग्राफी, रक्ततपासणी, एक दिवस जास्तीचं ॲडमिट. सगळे तसे वागतात असं मी म्हणत नाही. पण साठ हजारांचा हप्ता असलेल्या माणसाकडून रोज सचोटीची परीक्षा घ्यायची, ही व्यवस्था शहाणपणाची नाही. आणि ते बिल भरायला पुन्हा बँकेत सोनंच येतं.

सरकारकडं डॉक्टर अडकवायचा एक उपाय आहे, बाँड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख दंड, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. त्यातली विसंगती बघा. सरकारी जागेवर शिकलेलं शेतकऱ्याचं मूल बांधलेलं, आणि अभिमत विद्यापीठात कोटीभर भरून शिकलेलं मोकळं. शिवाय दंडाच्या धाकानं आलेला डॉक्टर वर्ष मोजत बसतो. किनवटच्या आदिवासी पाड्यावरचा पेशंट गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयाला वळसा घालून थेट आदिलाबाद गाठतो, त्याचं कारण नुसतं अंतर नाही.

दुसरीकडं सरकारचा सगळा भर जागा वाढवण्यावर. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात मराठवाड्यातली हिंगोली आणि जालना ही दोन. त्याआधी धाराशिव, परभणी. मला आनंद आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या विष्णुपुरीत काय झालं ते इतक्यात विसरू नये. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण दगावले, त्यात बारा नवजात बाळं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधं, परिचारिका, डॉक्टर यांच्या तुटवड्याची चर्चा झाली. एका खासदारानं अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि सगळी चर्चा त्या प्रसंगावर घसरली. मूळ मुद्दा राहून गेला: डॉक्टर वर्गात तयार होत नाही, वॉर्डात होतो. वॉर्डात औषध नसेल आणि शिकवायला प्राध्यापक नसेल, तर फी कितीही कमी असो, ते शिक्षण महागच. वैद्यकीय आयोगाची तपासणी आली की या कॉलेजातले प्राध्यापक त्या कॉलेजात दाखवायचे, हा खेळ या क्षेत्रात कुणाला नवा नाही. जागा वाढल्या म्हणून माणसं आपोआप वाढत नाहीत.

मग करावं काय? मी धोरण ठरवणारी नाही, खाती तपासणारी आहे. तेवढ्यापुरतं बोलते.

एक, प्रत्येक तालुक्यात निदान एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची सगळी पदं पूर्ण पगारावर भरा आणि नीटची तयारी तिथंच, संध्याकाळच्या तासांत, फुकट घ्या. राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेनं मुलांना टॅब दिले, ऑनलाइन शिकवणी दिली. काही नसण्यापेक्षा ते बरं. पण शंका विचारायला समोर माणूस लागतो. लातूर पॅटर्न ज्यांनी उभा केला ते हेच करत होते. मूळ पॅटर्नकडं परत जायला नवं काही शोधायची गरज नाही.

दोन, क्लासवरचा जीएसटी उठवा असं मी म्हणणार नाही. तो फायदा पालकापर्यंत पोचेल याची खात्री नाही. या दोन शहरांतून जमा होणाऱ्या त्या कराचा राज्याचा वाटा किती, ते जाहीर करा आणि तेवढी रक्कम वरच्या पदांसाठी इथंच खर्च करा. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्या राज्यात त्याला कायद्याचे दात द्या.

तीन, शेतजमिनीपायी कर्ज अडू नये म्हणून राज्यानं हमी घ्यावी. नीटमधून, कॅप राऊंडमधून खासगी कॉलेजला नंबर लागलेल्या मुलाची जागा साडेसात लाखांच्या रेघेवर अडून जाणं हे कुणाच्याच हिताचं नाही.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बाँडच्या दंडाऐवजी हप्ता भरा. एमबीबीएस कुठूनही झालेला असो, जो डॉक्टर किनवट, माहूर, जळकोट, देवणीसारख्या तालुक्यांत सरकारी सेवेत राहील, त्याच्या शैक्षणिक कर्जाचा त्या-त्या महिन्याचा हप्ता सरकारनं थेट बँकेत जमा करावा. सेवा थांबली, हप्ता थांबला. भ्रष्टाचाराला जागा कमी, कारण पैसा डॉक्टरच्या हाती जातच नाही. हे परवडेल का? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सरकारी कॉलेजांत नव्या जागा वाढवायला एका जागेमागं दीड कोटीपर्यंत खर्च मंजूर केला. वर मांडलेलं अख्खं कर्ज पंधरा वर्षांच्या व्याजासकट फेडलं तरी एक कोटी तेरा लाखांच्या आत बसतं. म्हणजे एका नव्या जागेच्या पैशात आदिवासी तालुक्याला पंधरा वर्षं एक डॉक्टर मिळतो, आणि वर सदतीस-अडतीस लाख उरतात.

दोन्ही गोष्टी हव्यात, नव्या जागाही आणि हे हप्तेही. पण जागेचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, फोटो निघतो. हप्त्याचं उद्घाटन करता येत नाही, हीच त्याची अडचण. डॉक्टर खेड्यात का टिकत नाहीत, हा प्रश्न आपण नेहमी आरोग्यमंत्र्यांना विचारतो. पुढच्या वेळी तो अर्थमंत्र्यांना विचारावा.